तिकीट मोफत, पण परतीची एसटी कुठे? गाडी सोडलेल्या भोर-वेल्ह्यातल्या ज्येष्ठांपुढचे पर्याय

महाराष्ट्रात वयाची 75 वर्षं पूर्ण झाली की एसटीचा प्रवास मोफत. 26 ऑगस्ट 2022 पासून ही सवलत लागू आहे. आता वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतले आजोबा डोळ्यांसमोर आणा. तिकीट त्यांना पडत नाही. पण बस वाडीत येत नाही, दोन-तीन किलोमीटर खालच्या फाट्यावर थांबते. सकाळी ती त्यांना तालुक्याला नेते. केसपेपर, डॉक्टर, मग औषधाची रांग उरकेपर्यंत दुपार होते आणि परतीची गाडी थेट संध्याकाळी असते. मग आजोबा काय करतात? दिसत कमी असलं तरी पुन्हा दुचाकीची किल्ली हातात घेतात. किंवा दवाखान्यात जातच नाहीत.

‘वडिलांनी आता गाडी चालवू नये’ असं पुण्यात राहणाऱ्या अनेक मुलांना वाटतं. ते बरोबरही आहे. पण गाडी काढून घेतल्यावर त्यांच्याकडे काय उरतं, याचा हिशेब सहसा कोणी करत नाही.

इथे गाडी सोडणं एवढं अवघड का?

भोर आणि वेल्हे (2025 पासून सरकारी कागदावर राजगड तालुका, बोलण्यात अजून वेल्हेच) हा पुणे जिल्ह्याचा डोंगरी कोपरा. नकाशावर पुणे जवळ दिसतं. भोर शहर महामार्गाने 50-55 किलोमीटर, वेल्हे साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. पण प्रश्न पुण्याला जाण्याचा नाहीच, तो खोऱ्यातून तालुक्याला पोहोचण्याचा आहे. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव अशी धरणं या दोन तालुक्यांत आणि त्यांच्या शिवेवर आहेत. समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसतं, रस्ता मात्र पाण्याला वळसा घालून जातो. पावसाळ्यात वरंध घाट अनेकदा बंद ठेवावा लागतो, तेव्हा हिर्डोशीच्या बाजूची वर्दळही रोडावते.

2011 च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या 55 हजारांच्या आसपास होती, भोरची 1 लाख 86 हजार. तरुण मंडळी पुणे-मुंबईला, गावात म्हातारी माणसं. वस्ती विरळ, म्हणून प्रवासी कमी; प्रवासी कमी, म्हणून फेऱ्या कमी. आणि फेऱ्या कमी असल्या की उरलेले प्रवासीही जीप नाहीतर दुचाकी शोधतात. एसटीच्या भाषेत याला ‘भारमान घटलं’ म्हणतात.

परवान्याचा नियम काय सांगतो?

वाहन चालवायला कमाल वयाची अट नाही. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीनुसार 55 वर्षांनंतर काढलेला किंवा नूतनीकरण केलेला खासगी वाहनाचा परवाना पाच वर्षं चालतो. चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना 1-अ’ लागतो. मुदत संपण्याआधी वर्षभर आणि संपल्यानंतर वर्षभर नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. त्यानंतर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपलेल्या परवान्यावर अपघात झाला, तर विमा कंपनी नुकसानग्रस्ताला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करायला जाऊ शकते. ‘गावातल्या गावात तर चालवतो’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं.

जपानमध्ये ज्येष्ठ स्वतःहून परवाना परत करू शकतात. 2019 मध्ये टोकियोतल्या एका भीषण अपघातानंतर वर्षभरात सुमारे 6 लाख लोकांनी तो परत केला. त्या बदल्यात ओळखपत्र म्हणून चालणारं एक प्रमाणपत्र मिळतं आणि अनेक शहरांत ते दाखवलं की बस-टॅक्सीला सवलत मिळते. म्हणजे किल्ली घेताना हातात काहीतरी ठेवलं जातं. आपल्याकडे किल्ली घेतली जाते ती घरातच, बहुतेक वेळा भांडण होऊन.

एसटीची सवलत नेमकी कोणाला?

75 पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीच्या सर्व प्रकारच्या बसमध्ये मोफत प्रवास. 65 ते 75 वयाच्यांना निम्मं तिकीट. 17 मार्च 2023 पासून महिलांना कोणत्याही वयात निम्मं तिकीट. राहिले 60 ते 65 वयाचे पुरुष. 2018 च्या राज्याच्या धोरणात 60 वर्षांचा माणूस ज्येष्ठ नागरिक आहे, एसटीच्या पायरीवर मात्र नाही. सोबत आधार कार्डासारखा वयाचा पुरावा ठेवा. मोबाइलमध्ये असला तरी मूळ कार्ड जवळ असलेलं बरं, खोऱ्यात रेंज कधी जाईल सांगता येत नाही.

पायरीचा विषय निघालाच आहे, तर लालपरीचा पायदान उंच असतो. घाटरस्त्यावर गाडीची चेसिस उंच लागते, हे मेकॅनिकल शिकलेला कोणीही सांगेल. पण फाट्यावर बसच्या दाराशी येईल असा एक सिमेंटचा ओटा बांधायला कुठलंही इंजिनिअरिंग लागत नाही.

पीएमपी, वडाप आणि 108

एसटीची मोफत सवलत पीएमपीच्या बसमध्ये चालत नाही, तिथले पास वेगळे. शिवाय पीएमपीची ग्रामीण सेवा कधी सुरू, कधी बंद अशी राहिली आहे. एसटीच्या संपकाळात ती वाढली आणि 2022 च्या अखेरीस एसटीच्या मागणीनंतर जिल्ह्यातले बरेच मार्ग बंद झाले. टप्पा वाहतुकीचा हक्क कोणाचा, या कागदावरच्या वादात फाट्यावरचा माणूस तिथेच उभा राहतो.

खरा आधार वडाप जीपचा. नसरापूर, कापूरहोळपासून आतल्या खोऱ्यांपर्यंत लोकांची ने-आण ती करते, दारापर्यंत सोडते, पिशवी उतरवून देते. तिला नावं ठेवणं सोपं आहे, पण ती उद्यापासून बंद झाली तर काय, हाही विचार करायला हवा. अडचणी दोन. सीट भरल्याशिवाय ती निघत नाही, आणि खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडं घेऊन नेताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. स्पेशल गाडी करायची तर एका दवाखान्याच्या फेरीत पेन्शनचा मोठा हिस्सा जातो. ॲपवरची कॅब इथे धरून चालू नका.

108 ची रुग्णवाहिका 2014 पासून आहे आणि तातडीच्या वेळी तीच बोलवायची. पण महिन्याच्या बीपी-शुगर तपासणीसाठी ती नाही, आणि रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यावर घरी सोडायलाही नाही.

पैसे तिकिटाला, गाडीला नाहीत

राज्य सरकार ज्येष्ठांवर खर्च करत नाही, असं म्हणता येणार नाही. सवलतीच्या तिकिटाची भरपाई सरकार एसटीला देतं. 2024 च्या वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी 3 हजार रुपये मिळतात. त्याच वर्षीच्या तीर्थदर्शन योजनेत यात्रेसाठी माणशी 30 हजारांपर्यंतची तरतूद आहे. यात्रेला जरूर न्यावं. पण काशीला नेणारी योजना आहे आणि वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयातून दुपारी दोन वाजता घरी आणणारी नाही, हे विचित्र आहे.

सवलत तिकिटाला दिली की तिचा फायदा जिथे भरपूर गाड्या आहेत तिथल्या माणसाला जास्त होतो. महामार्गावरच्या गावातले आजोबा आठवड्यातून तीनदा पुण्याला जाऊन येतील, खोऱ्यातले महिन्यातून एकदाही नाही. दोघांचं तिकीट शून्यच.

हे मोजायचं तर वेगळं सर्वेक्षणही नको. 75 वरच्या प्रवाशाला कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट देतो. कुठे चढला, कुठे उतरणार, किती वाजता, सगळं त्यात नोंदलं जातं. भोर आगाराने एका महिन्याची ही शून्य तिकिटं गावनिहाय मांडली, तरी कोणत्या थांब्यावरून ज्येष्ठ येतात आणि परतताना त्या गाडीत दिसत नाहीत, हे समोर येईल. मात्र एक गोम आहे. जो गाडी नाही म्हणून घरीच राहिला, त्याचं तिकीट कधी फाटतच नाही. म्हणून ‘या मार्गावर ज्येष्ठ प्रवासी नाहीत’ असा निष्कर्ष आकड्यांवरून काढू नये. ज्या गावांत शून्य तिकिटंही शून्य आहेत, तिथे आधी जाऊन विचारावं.

मागणीही अवाढव्य नाही. खोऱ्यातली सकाळची गाडी, मग ती मुक्कामी असो वा शाळेच्या वेळेची, बहुतेक ठिकाणी आहे. हवी आहे ती ओपीडीच्या आणि बाजाराच्या दिवशी, दुपारी एक ते दोनच्या दरम्यान सुटणारी परतीची एक फेरी. आठवड्यातून दोन दिवस मिळाली तरी चालेल.

केरळने काय केलं?

केरळच्या एसटीने, म्हणजे केएसआरटीसीने, जुलै 2022 मध्ये ‘ग्रामवंडी’ सुरू केली. पहिली गाडी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या कोल्लयिल पंचायतीत धावली. व्यवहार सरळ आहे. डिझेलचा खर्च स्थानिक पंचायत देते. बस, चालक-वाहकाचा पगार आणि दुरुस्ती महामंडळाची. त्या बदल्यात मार्ग आणि वेळ ठरवताना पंचायतीचं म्हणणं ऐकलं जातं. शेजारच्या पंचायती मिळून एक गाडी घेऊ शकतात, प्रायोजकही चालतो.

केरळच्या पंचायती श्रीमंत, आपल्या वाड्यांकडे कुठून पैसा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून इथे एकेका ग्रामपंचायतीवर भार न टाकता जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून सुरुवात व्हावी. राजगड-तोरण्याला शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. त्या गर्दीच्या पार्किंगमधून गोळा होणारा पैसा खोऱ्यातल्या एका फेरीच्या डिझेलला का लावू नये?

घरच्यांना आत्ता काय करता येईल?

फेरीची मागणी फोनवर करून उपयोग नाही. ग्रामसभेचा ठराव घ्या. त्यात वार, वेळ, थांबा आणि प्रवाशांची अंदाजे संख्या लिहा आणि तो आगार व्यवस्थापकांना देऊन पोच घ्या. चार-पाच गावांचे ठराव एकत्र गेले तर जास्त बरं. डोळ्यांच्या शिबिरासारखं एकदाच जायचं असेल, तर एसटी ‘प्रासंगिक करारा’वर पूर्ण बस देते, लग्नाला घेतात तशीच. त्यात वयाची सवलत मिळत नाही, पण माणशी खर्च स्पेशल जीपपेक्षा कमी येऊ शकतो. साधी गाडी वाडीच्या तोंडाशी थांबवायची असेल, तर ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ ही एसटीचीच योजना आहे, वाहकाला तिची आठवण करून द्या. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 सुरू असते. गाडी ती पाठवत नाही, पण कोणत्या योजनेसाठी कुठे अर्ज करायचा ते तिथे कळतं.

आणि वडिलांची दुचाकी विकण्याआधी एक दिवस सुट्टी काढा. त्यांच्या फाट्यावर उभे राहून एसटीने दवाखान्यात जा आणि एसटीनेच परत या. किती वाजले ते लिहून ठेवा. ग्रामसभेच्या ठरावाला तोच कागद जोडता येईल.