चित्र पाहण्याची संवय

इतवारींतील एका वाचनालयाच्या दालनांत आपल्याच गांवच्या एका चित्रकाराच्या चित्रांचें प्रदर्शन नुकतेंच होऊन गेलें. चित्रांच्या गुणदोषांची चर्चा जाणत्यांनीं करावी. आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत ते पाहणारांविषयीं. उद्‌घाटनाच्या दिवशीं खुर्च्या पुरल्या नाहींत. पुढें मात्र वर्तमानपत्र वाचावयास येणारी मंडळी त्याच चित्रांकडे पाठ करून बसत, आणि त्यांच्या घरचें एखादें मूलहि तिकडे फिरकलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

आमच्या लोकांस चित्राचें वावडें आहे असें कोणी म्हणेल, तर तें खरें नव्हे. चितारओळ इतवारीपासून दूर नाहीं. श्रावणांत जिवतीचा कागद, भाद्रपदांत गणपति आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे, असें चिताऱ्याच्या हातचें कांहीं ना कांहीं घरांत आल्यावांचून आमचें वर्ष सरत नाहीं. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, आणि तीं दोन सोंगें पाहण्यास सारी इतवारी रस्त्यावर लोटते. परंतु गणपति पाण्यांत जातो आणि मारबत अग्नींत. कामापुरती मूर्ति आणावी व काम होतांच तिला निरोप द्यावा, हा आमचा परिपाठ. धर्मदृष्ट्या तो योग्यच आहे. पण ज्याची पूजा करावयाची नाहीं आणि ज्याला निरोपहि द्यावयाचा नाहीं, असें चित्र समोर आलें म्हणजे त्याचें काय करावें हें आम्हांस सुचत नाहीं.

राजा रविवर्मा यांनीं १८९४ मध्यें मुंबईस छापखाना काढला, तेव्हांपासून लक्ष्मी-सरस्वतींचीं चित्रें सामान्य घरांच्या भिंतींवर कायमचीं आलीं. तो उपकार मोठाच. तथापि तींहि देवघराचाच विस्तार होऊन बसलीं.

वास्तविक चित्रें कशीं पाहावीं याचा पाठ आपल्या विदर्भानेंच घालून दिला आहे. भवभूति स्वतःस विदर्भांतील पद्मपुराचा म्हणवितो. त्याच्या उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत सीतेच्या मनास विरंगुळा म्हणून लक्ष्मण तिला व रामाला त्यांच्याच चरित्राचीं चित्रें दाखवितो. लग्नाच्या चित्रांत तो मांडवी दाखवितो, श्रुतकीर्ति दाखवितो, आणि ऊर्मिला तेवढी गाळतो. सीता मुद्दाम विचारते, ही आणखी एक कोण बरें? भावोजी लाजून परशुरामाच्या चित्राकडे वळतात. मंथरेच्या चित्रापुढें राम कांहींच न बोलतां पुढें सरकतो. जनस्थानाच्या चित्रापाशीं त्याचे डोळे भरून येतात. त्या चित्रांनींच सीतेला पुन्हां वनांत जावें, भागीरथींत स्नान करावें अशी इच्छा होते, आणि तीच इच्छा पुढें तिच्या त्यागाचें निमित्त होते. शाळेंत हा अंक शिकवितांना आम्ही समास सोडवीत बसत असूं. पण तिघांनीं मिळून चित्रें पाहणें, थट्टा करणें, गप्प होणें, हाच त्या प्रसंगाचा जीव आहे. एकट्यानें हात मागें बांधून दालनास प्रदक्षिणा घालणें तें हें नव्हे.

विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत म्हटलें आहे कीं, आचार्य रेषेची वाखाणणी करतात आणि स्त्रियांस अलंकार आवडतात. आमच्या सूनबाईंनीं हें खोटें पाडलें. प्रदर्शनांत त्यांनीं सर्वांत अधिक वेळ काढला तो दुपारच्या उन्हांतील एका ओसाड गल्लीच्या चित्रापुढें, आणि तिच्यांत आपलें माहेरचें दार शोधीत राहिल्या.

किंमत विचारण्याचें धैर्य मात्र कोणी केलें नाहीं. सराफ्यांत घडणावळीसाठीं हुज्जत घालूं, पण शेवटीं देऊं; चित्रालाहि घडणावळ असते हें ध्यानांत येत नाहीं. भाऊ समर्थ (१९२८–१९९१) यांनीं नागपुरास राहून चित्रें काढलीं, आणि चित्रकला व समाज यांच्या नात्याविषयीं लिहिलेंहि. तें नातें समाजानें आपल्या बाजूनें किती जोडलें, हें ज्याच्या त्याच्या भिंतीनें सांगावें.

वाचनालयाच्या चालकांस आमची एक सूचना आहे. जर्मनींतील कित्येक सार्वजनिक ग्रंथालयांतून मूळ चित्रें पुस्तकांप्रमाणें उसनीं घरीं नेतां येतात. आपल्याकडेहि चित्रकाराच्या संमतीनें चार-सहा चित्रें घेऊन, अनामत ठेवून, वर्गणीदारांस महिना-महिना द्यावीं. माजघरांत महिनाभर राहिलेलें चित्र परत करतांना मुलें कुरकुर करूं लागलीं, तर वडिलांस किंमत विचारणें भागच पडेल. नुकसानभरपाईचा नियम आरंभींच लिहून ठेवावा, आणि पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र टांगूं नये, अशी सूचना पावतीवरच छापावी.