भाड्याचा सुपरमॅन की घरचा चिमणराव?

गॅदरिंगची नोटीस बोर्डवर लागली की कॅम्पसमधे दोनच प्रश्न ऐकू येतात. सबमिशन पुढे ढकललं का? आणि 'कॅरेक्टर डे'ला कोण काय बनतंय? पहिल्याचं उत्तर एचओडी सरांकडे असतं. दुसऱ्याचं उत्तर आपण ड्रेसवाल्याकडे सोपवून मोकळे झालोय. जळगाव असो की धुळे, दुकानात जायचं, डिपॉझिट ठेवायचं, बाजीराव नाहीतर सुपरमॅन उचलायचा, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत! एकाच वर्गात तीन-तीन बाजीराव... आणि मस्तानी एकही नाही!

मित्रांनो, माझं म्हणणं सरळ आहे. पात्र मनापासून आवडत असेल तर त्याचा पोशाख स्वतः जमवा. आणि जमलंच तर दुकानात न मिळणारं पात्र निवडा. कारण ड्रेसवाला खपतं तेच ठेवणार, त्यात त्याचा दोष नाही. पण मग जे दुकानात नाही ते स्टेजवर नाही, आणि स्टेजवर नाही ते हळूहळू डोक्यातूनही जातं.

यंदा मी चिमणराव करतोय. निम्म्या वर्गाने विचारलं, "हा कोण भो?" बडोद्याला पाली भाषा शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी जन्माला घातलेला हा पुण्याचा भित्रा, भोळा कारकून. बायको काऊ, मुलं मोरू, मैना, राघू आणि धिप्पाड गुंड्याभाऊ हा सारा त्याचा गोतावळा. १९४० साली 'लग्न पहावे करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांनी तो रंगवला. १९७७ साली मुंबई दूरदर्शनवर मालिका आली. तिच्यात चिमणराव होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. आपल्या आई-बाबांना विचारून बघा, नाव काढलं तरी हसतील.

आता खरी गंमत. चित्रपट कृष्णधवल आणि मालिकाही कृष्णधवल. मग कोटाचा रंग ठरवायचा कसा? इथे डोकं चालवावं लागतं. गोष्टी १९३० च्या दशकातल्या, माणूस बेताच्या पगाराचा. म्हणजे कोट मळखाऊ रंगाचा, सुती, बऱ्याच वर्षांचा, कोपरावर विटलेला. टेरिकॉट बाद, कारण त्यातल्या टेरिलिनचा शोधच मुळी १९४१ चा! म्हणजे भाड्याचा चकचकीत कोट घातला, तर चिमणरावाने अजून शोधच न लागलेलं कापड अंगावर घेतलं असं होईल.

जळगावच्या फुले मार्केटमधे आणि धुळ्याच्या पाच कंदील भागात मी सुती कापडासाठी हिंडलो. खान्देश म्हणजे कापसाचा मुलूख, पण "शंभर टक्के कॉटन" म्हणून पुढे टाकलेल्या गठ्ठ्यातही मिक्स निघतं. दुकानदाराची परवानगी घेऊन कडेचा एक धागा काढायचा आणि बाहेर जाऊन जाळायचा. सुताचा वास जळक्या कागदासारखा येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. मटेरियल टेस्टिंगचं एवढं स्वस्त प्रॅक्टिकल आपल्या लॅबमधेही नाही. कापड जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलं. सुताने रंग धरला, तपासायला ठेवलेला पॉलिस्टरचा तुकडा मात्र जवळजवळ कोराच राहिला! कोट थेट कापला नाही. आधी जुन्या चादरीचा कच्चा कोट बेतला, तो अंगावर घालून खुणा केल्या. आपल्या भाषेत प्रोटोटाईप. धोतर नेसायला गावाकडच्या आबांनी शिकवलं. कासोटा घट्ट नसेल तर काय होतं हे त्यांनी इतकं खुलवून सांगितलं, की ते छापता येणार नाही. गल्लीतला एक जण म्हणाला, "काय भो, लगीनले चालना का?"

"एवढा वेळ कोणाला आहे? दिसतं तर भाड्याचंच चांगलं," असं काही जण म्हणतात. बरोबर आहे, फिनिशिंग त्याचंच चांगलं असतं. पण धुळ्याहून तासाभरावरचं मालेगाव बघा. २००० साली नासिर शेख यांनी तिथे 'मालेगाव के शोले' काढला. पुढे त्यांनी सुपरमॅन काढला, तेव्हा नायक होता यंत्रमागावर काम करणारा, हडकुळा शफीक शेख. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ती सगळी खटपट दिसते. हॉलिवूडपुढे तो सुपरमॅन अगदीच गरीब दिसतो. पण तो दुसऱ्या कोणाचा नाही, मालेगावचाच आहे. म्हणून तर त्या माणसांवर २०२५ साली 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपट आला. भाड्याच्या ड्रेसवर कोण चित्रपट काढणार?

आणि हा प्रश्न एका दिवसाच्या सोंगाचा नाही. फायनल इयरचा प्रोजेक्टही आपल्यातले काही जण असाच आणतात. पैसे द्यायचे, रेडीमेड खोका घ्यायचा, रिपोर्टवर नाव टाकायचं. मग व्हायवाला एक्स्टर्नलने "हा रेझिस्टर इथे का?" विचारलं की छताकडे बघायचं. माझ्या कोटाची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर आखूड आहे. पण ती का आखूड झाली हे मला माहीत आहे, आणि पुढच्या वेळी कुठे कापायचं हेही. इंजिनिअरिंग म्हणतात ते याहून फार वेगळं असतं असं मला वाटत नाही.

पूर्वी दारावर बहुरूपी यायचा, पोलिसाच्या नाहीतर देवाच्या वेषात. त्याला कोणी ड्रेस भाड्याने देत नव्हतं. हाताशी असेल त्यातूनच तो सोंग उभं करायचा आणि ते वठवायचाही.

तेव्हा यंदा आजीची पेटी उघडा. मुलींनो, त्यात काऊचं लुगडं नक्की सापडेल. फास्टर फेणे करायला तर धाकट्या भावाची सायकलही पुरेल. आणि हो, एक गुंड्याभाऊ तातडीने हवा आहे. अट एकच... धोतर आणि सोटा स्वतःचा आणावा!