आखडलेला पाय आणि आखडलेली समजूत

"मुद्दाम ताठ होतो", "अंग चोरते मेलं", "जोर लावून ओढा, सुटेल पाय"... सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांबद्दल आणि अर्धांगवायूच्या रुग्णांबद्दल असे बोलणे आपल्या जिल्ह्यात अजून ऐकू येते. शिकलेली माणसेही बोलतात. माझा विरोध या बोलण्यालाच आहे.

दोष मुळात पायात नसतोच. स्नायू झटक्याने ताणला की त्याला आकसायला लावणे, ही मज्जारज्जूची सवय. मेंदू तिला सतत आवर घालत असतो. मेंदूकडून येणारी ही वाट बिघडली की आवर सुटतो आणि स्नायू आपोआप घट्ट होतो. यालाच स्पॅस्टिसिटी म्हणतात. जितक्या जोरात ओढाल तितका तो जास्त आखडेल. म्हणजे 'जोर लावा' हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, उलटा आहे! थंडी, बद्धकोष्ठ, लघवीतला जंतुसंसर्ग यांनीही ताठरपणा वाढतो. रुग्ण अचानक जास्त ताठरला तर तो हट्टाला पेटला असे समजू नका, कुठे दुखतेय ते शोधा.

आणि हे सारे ढोंग असेल, तर लाखोळीचे काय? पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत होणारी ही डाळ महिनोनमहिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर तिच्यातल्या विषाने पाय कायमचे ताठरू शकतात. चालताना ते कात्रीसारखे एकमेकांवर पडतात. मध्य प्रदेशात रीवाकडे वेठबिगारांना मजुरीतच ही डाळ मिळे. कित्येकांचे पाय त्यात गेले. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली ती या रोगापायी. पोटासाठी मिळेल ते खाणारा मजूर काय ढोंग करत होता?

कोणी म्हणेल, मालिश तर पिढ्यान् पिढ्या चालत आलेय. हलक्या हाताने करा, बरे वाटेल. पण त्यावरच वर्ष-दोन वर्षे काढली तर सांधा कायमचा आखडतो, मग ऑपरेशनची पाळी येते. सावकाश ताण देऊन धरून ठेवणे, पट्ट्या, बॅक्लोफेनसारखी औषधे (ती मनाने एकदम बंद करायची नाहीत), बोटुलिनमची इंजेक्शने, हे उपाय आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सीही आहे. प्रमाणपत्र मागायला लाजू नका.

तेव्हा नातलगांनो, पुढच्या वेळी घरात कोणी "मुद्दाम करतो" म्हणाले, तर गप्प बसू नका. वयाने मोठे असले तरी टोका. मलासुद्धा.