भांडखोर नर आणि विक्रीचा मुहूर्त

यवतमाळ जिल्ह्यातील परसबागेत गिरिराज, वनराजसारखी पिल्ले बहुधा नर-मादी न निवडता सरसकट घेतली जातात आणि त्यांत साधारण निम्मे नर निघतात. तीन महिने कुरबुर नसते. चौथ्या-पाचव्या महिन्यात तुरे लालबुंद होतात, बांग सुरू होते आणि खुराड्यात रक्त दिसू लागते. पालक तेव्हा ‘जातच तापट’ म्हणून मोकळा होतो. आमच्या मते मांसासाठीच्या कळपातले हे भांडण मुख्यतः लांबलेल्या विक्रीचे आणि चुकलेल्या मांडणीचे फळ आहे. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत, वयात येण्याआधीच विकला जातो, म्हणून तिथे झुंजी दिसत नाहीत. आपला नर मात्र वयात येऊनही तलंगांबरोबर त्याच खुराड्यात राहतो. कोंबड्यांत मानाची उतरंड असते, हे नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे यांनी 1922 मध्येच मांडले. बाहेरचा एक नर मध्येच सोडला की ती मोडते आणि सगळ्यांची मारामारी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

म्हणून आठव्या ते दहाव्या आठवड्यात, तुऱ्यावरून नर ओळखू येताच, ते वेगळे काढावेत. एकत्र वाढलेले नर माद्या नजरेआड असतील तर बरेच शांत राहतात. त्यांत नवा नर घालू नये. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, नाहीतर दांडगा नर एकाच भांड्यावर पहारा देतो आणि दुबळ्याचे वजन खुंटते. रात्रीसाठी मोठ्या पक्ष्याला किमान दोन चौरस फूट जागा हवी. चोच कापणे हा इथे उपायच नव्हे. नर झुंजतो तो मुख्यतः पायाने आणि पायामागच्या काट्याने. चोच गेली तर उकिरड्यावर चरणेच अवघड होते.

यावर पहिला आक्षेप असा, की महिनाभर आणखी ठेवला तर वजन वाढते. वाढते, पण वयात आल्यावर वाढीचा वेग मंदावतो आणि खाणे तेवढेच राहते. आठवडी बाजारात नगावर सौदा करणारा गिऱ्हाईक फाटका तुरा आणि छातीवरची जखम आधी पाहतो. दुसरा आक्षेप राखणीचा: तापट नर मुंगसाला, घारीला अडवतो. राखणीला आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. धोका दिसताच ओरडून कळप गोळा करणारा नर ठेवावा. पोराबाळांच्या अंगावर धावणारा पैदाशीला ठेवू नये, कारण हा गुण काही अंशी पिल्लांत उतरतो. तिसरा आक्षेप उघड कुणी बोलत नाही: वणी, मारेगाव, झरी जामणी भागातल्या कोंबडबाजारात, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजींत, झुंजार नराला चढा भाव मिळतो. करमणुकीसाठी प्राणी झुंजवणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय तो भाव एखाद्याच नराचा असतो आणि त्याच्या रक्ताची भांडकुदळ पिल्ले पोसायचा खर्च साऱ्या कळपावर पडतो.

तेव्हा हिशेब विक्रीच्या दिवसापासून मागे मांडावा. श्रावण लागला की मागणी बसते. त्याआधी आषाढात गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक असते. सोळा ते अठरा आठवड्यांचा नर तेव्हा विकायचा, तर पिल्ले फाल्गुनाच्या सुमारास आणावी लागतात. विदर्भाचा उन्हाळा त्यांच्या आड येतो, हे खरे. पण सावली आणि गार पाण्याची सोय पालकाच्या हाती आहे. पिल्ले आणतानाच विक्रीचा आठवडा वहीत लिहून ठेवला, तर नरांच्या झुंजी भरात येण्याआधीच बहुतेक खुराडे रिकामे झालेले असेल.