पाकशाळेंतून : परदेशची पट्टी आणि आपलें खोबरें

ज्या घरांतील मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, त्या घरीं नातवंडें सुटीला आलीं कीं कधीं ना कधीं एक प्रश्न उभा राहतो. न्याहारीला पोहे पुढें येतात आणि एखादें नातवंड निरागसपणें विचारतें, “आजी, तें गोड-तिखट बेकन नाहीं का?” आजी सुनेकडे पाहते, सून खालीं पाहते, आणि पोह्यांची चव कोणालाच कळेनाशी होते. अशा वेळीं काय करावें, याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हा पदार्थ आहे तरी काय, तें समजून घेणें बरें. बेकन म्हणजे मिठांत मुरवून व बहुधा धुरी देऊन टिकाऊ केलेलें डुकराचें मांस. अमेरिकेंत तें पोटाकडील, चरबीचे थर असलेलें घेतात; इंग्लंडांत मुख्यत्वें पाठीकडील. त्याच्या पातळ पट्ट्यांना काकवीमिश्रित तपकिरी साखर, मिरपूड व लाल तिखट चोळतात, आणि थाळ्यावर जाळी मांडून ओव्हनमध्यें सुमारें १७५ अंश सेल्सिअस उष्णतेवर अर्धा तास भाजतात. जाळी अशासाठीं, कीं वितळलेली चरबी खालीं गळावी. साखरेचा पाक होऊन तो पट्टीला चिकटतो व निवाल्यावर काचेसारखा कडक होतो.

ज्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या मांस शिजलें नाहीं, तेथील वडील माणसांना त्याचा वासहि सोसवत नाहीं. त्यांचें मन राखणें हें धाकट्यांचें कर्तव्यच आहे. परंतु परदेशीं आपल्या संसारांत सून काय रांधते याची उलटतपासणी करण्याचा अधिकार वडिलांनींहि घेऊं नये. प्रकृतीच्या दृष्टीनें सांगण्यासारखें मात्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं अशा प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना निश्चित कर्करोगकारक पदार्थांत केली. हें प्रेमानें सांगितलें तर ऐकलें जाईल. धर्माचा सोटा करून सांगितलें तर फोन लवकर ठेवला जाईल, इतकेंच.

सर्वांत घातक गोष्ट निराळीच आहे. ‘आजीसमोर हें बोलूं नकोस’ असा धडा मुलाला देणें, ती ही गोष्ट. मूल बेकन विसरेल. पण आजीपासून लपविण्याची संवय एकदां लागली कीं ती पुढें मोठमोठ्या गोष्टींपर्यंत पोंचते.

आतां मुलाच्या जिभेला हवें असतें तें काय? मीठ, धूर, गोडी, तिखट आणि कुरकुरीतपणा. यांपैकीं एकहि आपल्या स्वयंपाकघराला परकें नाहीं.

सुक्या खोबऱ्याचे वेफर्सच्या किसणीवर पातळ काप करून १०० ग्रॅम घ्यावे. त्यांना २ मोठे चमचे काकवी, १ लहान चमचा तिखट आणि प्रत्येकीं अर्धा लहान चमचा मीठ व मिरपूड हलक्या हातानें चोळावी. काकवी नसल्यास गूळ किंचित्‌ पाण्यांत विरघळवून घ्यावा. तिखट ब्याडगी मिरचीचें असावें. त्याला रंग अधिक आणि जळजळ कमी असते. तेल घालण्याचें कारण नाहीं, कारण सुक्या खोबऱ्यांत निम्म्याहून अधिक भाग तेलाचाच असतो. मग भरताला देतों तसा धुंगार द्यावा : कापांच्या मधोमध वाटींत फुललेला निखारा ठेवून त्यावर तुपाचे चार थेंब सोडावे आणि ५ मिनिटें झांकण ठेवावें. काप ओलसर असतांनाच धूर चांगला धरतात, म्हणून हें भाजण्यापूर्वीं करावें.

ओव्हन १५० अंशांवर तापवून, बेकिंगच्या कागदावर काप एकेरी पसरावे व १२ ते १५ मिनिटें भाजावे. दर ४ मिनिटांनीं ते परतावे. येथें उष्णता मांसाच्या पट्टीहून कमी ठेवावी लागते. काप पातळ असतात, आणि गूळ करपला कीं कडवट होतो. शेवटचीं ५ मिनिटें ओव्हनपासून हलूं नये. काप तांबूस झाले कीं मऊ वाटले तरी बाहेर काढावे. ते निवतांना कुरकुरीत होतात. पूर्ण निवल्यावर घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावे, कारण गूळ हवेंतील ओल ओढून घेतो व पावसाळ्यांत काप तासाभरांत लोळागोळा होतात. मधुमेही वडिलांनीं चवीपुरताच एखादा घ्यावा.

हें खोबरें म्हणजे बेकन नव्हे, आणि तसें भासवूंहि नये. मुलें फसत नाहींत. “तुझ्या घरीं तें करतात, आमच्या घरीं हें करतात,” असें आजीनें सरळ सांगावें आणि डबा पुढें करावा. ज्या घरीं इतकें मोकळेपणानें बोलतां येतें, त्या घरीं नातवंडें पुढच्या सुटींतहि आपण होऊन येतात.