वावडे अन्नाचे, दुखणे व्यवस्थेचे

अन्नाची ॲलर्जी हा शहरातील सुखवस्तू घरांचा लाडका रोग आहे. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात तो कशाला शोधायचा, असा प्रश्न आपल्याच चळवळीतील काही साथी विचारतात. ज्याच्या ताटात पुरेसे अन्नच पडत नाही त्याला अन्नाचे वावडे कुठून असणार, असा त्यामागचा समज आहे. हा समज सद्हेतूचा असेल, पण तो खोटा आहे. शिवाय गरिबांच्या आरोग्याची जबाबदारी टाळू पाहणाऱ्यांच्या तो नेमका पथ्यावर पडतो.

‘वावडे’ हा शब्द काही पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांनी मराठीला दिलेला नाही. खेकड्याच्या कालवणानंतर अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणून आमसूल चोळणारी आजी भीमाशंकरच्या डोंगरात आहे तशी मंचरच्या पेठेतही आहे. गांधी बहुधा आपोआप विरतात आणि यशाचे श्रेय आमसुलाला मिळते. पण त्याच माणसाचा घसा आवळू लागला, दम लागला, उलट्या होऊन शुद्ध हरपू लागली, तर ते निव्वळ पित्त राहत नाही. शरीराच्या संरक्षक यंत्रणेने निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून चढवलेला तो हल्ला असतो. शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1902 मध्ये अशा प्रतिक्रियेला ‘ॲनाफायलॅक्सिस’ हे नाव दिले आणि त्यावरील संशोधनासाठी त्याला 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणूस त्यात काही मिनिटांत दगावू शकतो. रुग्णाच्या रेशनकार्डाचा रंग कोणता, हे तो हल्ला विचारीत नाही.

मग निदान कसे व्हावे? शास्त्राचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. निदानाचा पाया म्हणजे नीट विचारपूस. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, दर खेपेस होतो काय? खरी तीव्र ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत प्रकट होते. दूध प्यायल्यावर केवळ पोट फुगत असेल, तर ते बहुधा दुधातील साखर न पचण्याचे लक्षण असते. ती ॲलर्जी नव्हे. विचारपुशीतून संशय पक्का झाला तरच त्या पदार्थापुरती त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी करावी. तरीही शंका उरली, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे हाताशी ठेवून, तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून पाहावा. या निदानाला मुख्यतः वेळ लागतो आणि ऐकून घेणारा माणूस लागतो.

बाजाराला नेमके हेच परवडत नाही. म्हणून रक्ताच्या एका नमुन्यात शे-दोनशे पदार्थांचा निकाल लावणारी पाकिटे तो विकतो. त्यांतील काही चाचण्या ‘आयजीजी’ या प्रतिद्रव्याच्या असतात. हे प्रतिद्रव्य खाल्लेल्या अन्नाला शरीराने दिलेल्या सामान्य प्रतिसादाचे द्योतक असून त्यावरून ॲलर्जी ठरवू नये, असे युरोपातील ॲलर्जी-तज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच बजावले आहे. ज्या ‘आयजीई’ चाचण्या शास्त्रमान्य आहेत, त्याही सरसकट केल्या तर दिशाभूलच करतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातील एका पाहणीत सुमारे 26 टक्के प्रौढांचे रक्त कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाला संवेदनशील आढळले. ॲलर्जीचा खरा संभव मात्र सुमारे 1.2 टक्क्यांतच दिसला. म्हणजे केवळ रक्ताच्या कागदावर विसंबून पथ्य लादले, तर ज्यांना काहीही झालेले नाही अशा असंख्यांच्या तोंडचा घास काढला जाईल.

हा घास कोणाच्या तोंडचा आहे, याचाही विचार केला पाहिजे. श्रीमंताच्या मुलाचे अंडे बंद झाले तर त्याच्यापुढे बदाम येतात. ज्या घरात शेंगदाण्याचा कूट, डाळ आणि क्वचित मिळणारे अंडे एवढीच प्रथिनांची पुंजी आहे, तिथे ‘शेंगदाणे, अंडी, दूध, गहू वर्ज्य’ असा कागद म्हणजे कुपोषणाचा हुकूमनामाच होय. भयापोटी अन्न टाळण्याने ॲलर्जी टळते, हेही खरे नाही. 2015 मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या 640 तान्ह्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेंगदाणा लवकर आणि नियमित खाणाऱ्या मुलांत पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी, तो टाळणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली.

शासनाची वागणूक याहून वेगळी नाही. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर 2023 मध्ये झाला आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी काढून घेऊन शाळांना लोकवर्गणीचा मार्ग दाखवला गेला. अंड्याचे वावडे मुलांना नव्हते, तिजोरीला होते! ज्या मोजक्या मुलांना ते खरोखर बाधते, त्यांना ओळखून पर्याय देणे हे शासनाचे काम होते.

आता उपचाराचे पाहू. ॲनाफायलॅक्सिसवरचे पहिले औषध ॲड्रिनॅलिन. ते मांडीच्या बाहेरील स्नायूत, ताबडतोब टोचावे लागते. ॲव्हिल आणि डेक्साची सुई देऊन वाट पाहत बसणे, ही त्याची जागा घेऊ शकत नाही. परदेशी श्रीमंत खिशात बाळगतात ते आयते पेन हजारो रुपयांचे असते. साधी कुपी काही रुपयांत मिळते. प्रश्न औषधाच्या किमतीचा नाही, अंतराचा आहे. डिंभे धरणाच्या जलाशयाला वळसा घालून आहुप्याहून घोडेगाव गाठेपर्यंत हा रोग थांबत नाही.

हे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी याच तालुक्यांत सर्पदंशाच्या हजारो रुग्णांवर उपचार केले आहेत. योग्य औषध वेळेत आणि जवळ मिळाले तर खेड्यातला माणूस वाचतो, हा त्यांच्या कामाचा धडा आहे. घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेल्या सर्पविषाच्या लशीचीही काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून ती देताना ॲड्रिनॅलिन भरून तयार ठेवावे लागते. जी कुपी सापासाठी हवी, तीच खेकड्यासाठी हवी.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात ॲड्रिनॅलिनची मुदतीतली कुपी आणि ती टोचण्याचे शिक्षण मिळालेला माणूस असलाच पाहिजे. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत स्वयंपाकी आणि अधीक्षक यांना धोक्याची लक्षणे शिकवली पाहिजेत. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात ॲलर्जीच्या निदानाचा ठरावीक वार असावा. निदानाच्या नावाने सरसकट यादी विकणाऱ्या चाचण्यांवर शासनाने बंदी घालावी.

कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेची वाट न पाहता आपल्या गावच्या उपकेंद्रात जाऊन एवढेच विचारावे: कुपी आहे काय, मुदत संपली आहे काय, आणि ती टोचणार कोण? उत्तर मिळाले नाही, तर तोच पुढच्या मोर्चाचा पहिला मुद्दा होय.