खोडा कसा असावा?

बंगळूरच्या चिकपेटेत आज रेशमी वस्त्रांची दुकाने दिसतात. बैल क्वचितच दृष्टीस पडतो. तथापि या नगराची जन्मकथा बैलांपासूनच सुरू होते. इ. स. १५३७ मध्ये केंपेगौडाने हे नगर वसविले, त्या वेळी चिक्कपेट व दोड्डपेट हे रस्ते जेथे मिळतात त्या चौकातून नांगराला जुंपलेले बैल चार दिशांना हाकले आणि त्यांच्या तासांवरून रस्ते आखले, अशी आख्यायिका आहे. पुढे हे नगर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, इंग्रजी अंमल आला आणि गेला. परंतु मालमोटारी येईपर्यंत पेठेचा भार बैलांच्याच खांद्यावर होता.

फरसबंद रस्त्यावर चालणाऱ्या बैलाला नाल मारावे लागतात. त्याचा खूर दुभंगलेला असल्यामुळे एकेका पायास दोन, असे एकूण आठ नाल लागतात. घोडा तीन पायांवर उभा राहून चौथा पाय नालबंदाच्या हाती देतो. बैलाला तसा तोल सांभाळणे जड जाते. या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. आपल्याकडे बैलाला दोरांनी आवळून आडवे पाडावयाचे व चारही पाय एकत्र बांधावयाचे, ही रीत रुळली. फ्रान्समधील खेड्यांत बैलाला लाकडी चौकटीत उभे करून, पोटाखालून पट्टा घेऊन, एकेक पाय बांधून नाल मारीत. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरी वाट अधिक शहाणपणाची होती. आणि नाल मारणे कमी झाले असले तरी हा प्रश्न मुळीच जुना झालेला नाही.

जनावर आडवे पाडल्याने नेमके काय बिघडते? रवंथ करणाऱ्या प्राण्याचे पहिले पोट फार मोठे असते आणि त्यात सतत वायू तयार होत असतो. उभ्या जनावराला तो ढेकरेवाटे बाहेर टाकता येतो. कुशीवर बांधून पाडल्यास अन्ननलिकेचे तोंड पोटातील द्रवाखाली बुडते, वायू कोंडतो, पोट फुगते व फुप्फुसांवर दाब येतो. पोटातील द्रव उलटून श्वासनलिकेत शिरला तर प्राणाशी गाठ पडते. शिवाय कठीण जमिनीवर पडताना शिंग मोडणे, पायाच्या मज्जातंतूस इजा होऊन जनावर लंगडणे, गाभण गाय गाभडणे, हे धोके आहेतच. पाडणारी माणसेही जखमी होतात, हे सहसा कोणी मोजीत नाही.

२०१९ मध्ये देशात लाळ्या खुरकूत व सांसर्गिक गर्भपात या रोगांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जनावराच्या कानाला बारा आकडी बिल्ला मारणे आणि लाळ्या खुरकुताची लस वारंवार टोचणे हे त्याचे अंग आहे. कृत्रिम रेतन, गर्भतपासणी, खुरांची छाटणी ही कामे निराळीच. म्हणजे आजच्या जनावराला वर्षातून अनेकदा स्थिर उभे राहावे लागते. वेसण डोके धरते, मागचे पाय धरीत नाही. लाथ तिकडूनच बसते. म्हणून खोडा हवा.

आता निवडीचा प्रश्न. परदेशी कुरणांवर यांत्रिक खोडा वापरतात. त्याच्या दोन्ही बाजू आत सरकून जनावराला दाबून धरतात आणि पुढचे फाटक मानेवर मिटते. त्याला आपण दाबखोडा म्हणू. तो उत्तम यंत्र आहे, परंतु वर्षातून एकदोनदाच माणसाचा हात लागणाऱ्या मोठ्या कळपांसाठी. त्यांतील पुष्कळ जनावरे बिनशिंगी वा शिंगे काढलेली असतात. आपली हळ्ळीकर किंवा खिलार जनावरे लांब, मागे झुकलेल्या शिंगांची. मानेवर झटकन मिटणारे फाटक या शिंगांत अडकते, आणि बावरलेल्या बैलाने हिसका दिला तर शिंग मुळापासून उखडते. कर्नाटकातील अमृतमहाल जातीचे, मोकळ्या रानात वाढलेले, फारसे न माणसाळलेले कळप हाताळावयाचे असतील तर दाबखोड्याचा विचार जरूर करावा, मात्र फाटक शिंगांच्या मापाने बनवून घ्यावे. गोठ्यात वाढलेल्या आणि धन्याचा आवाज ओळखणाऱ्या गाईसाठी गावाने त्यावर पैसा घालू नये. तिला साधा चार खांबांचा खोडा पुरतो.

मात्र साधा म्हणजे कसाही नव्हे. चार नळ रोवून आडवे डाग दिले की खोडा झाला, ही समजूत सर्वत्र आढळते. असे खोडे लवकरच धुणे वाळत घालण्याच्या कामी येतात. रुंदी इतकीच हवी की जनावराला वळता येऊ नये. बाजूचे दांडे सरकविता आले तर कालवडीला व म्हशीला एकच खोडा चालतो. दांडे गोल असावेत, आत बोल्टचे टोक येऊ नये. तळाशी खाचा पाडलेला खरबरीत काँक्रीट असावा. लोखंडी पत्र्यावर पाय घसरला की जनावर पुन्हा त्या जागी जाण्यास राजी नसते. सर्वांत महत्त्वाचे, एका बाजूचे दांडे झटकन काढता आले पाहिजेत. जनावर आत बसले वा कोसळले तर त्याला सोडविण्यास क्षणांचाच अवधी असतो. मान अडकविण्याचे दांडे सरळ उभे असावेत, म्हणजे जनावर खाली बसले तरी गळा आवळला जात नाही. दोराची गाठ एका हिसक्यासरशी सुटणारी हवी.

खोड्याकडे जाणारी वाटही खोड्याचाच भाग आहे. गाईचे डोळे डोक्याच्या बाजूंस असतात. तिला जवळजवळ चोहोकडचे दिसते, ठीक मागचे तेवढे दिसत नाही. खोलीचा अंदाज मात्र तिला चटकन येत नाही. म्हणून जमिनीवर पडलेली दांड्यांची सावली किंवा गटारावरची जाळी पाहून ती थबकते, आणि आपण तिला हट्टी समजून शेपूट पिरगाळतो. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन या विदुषीने अशा बारकाव्यांवरून वळणदार, भरीव भिंतींच्या वाटा आखल्या व त्या जगभर स्वीकारल्या गेल्या. आपल्याला एवढे बांधकाम नको. खोड्याचे तोंड अंधाऱ्या दाराकडे वा भिंतीकडे न ठेवता उजेडाकडे ठेवावे, परंतु डोळ्यांत ऊन येऊ देऊ नये. वाटेच्या कडेला पोते बांधले तरी बघ्यांची हालचाल झाकली जाते. दाबखोडा असल्यास दाब हळूहळू व दोन्हीकडून सारखा द्यावा. श्वास जड होताच सैल करावा.

नव्या खोड्यात पहिल्याच दिवशी सुई टोचू नये. चार-आठ दिवस जनावराला त्यातून नुसते चालवून न्यावे आणि पलीकडच्या तोंडाशी टोपल्यात थोडी पेंड ठेवावी.